पत्ता, शाळा आणि नोव्हेंबर: पुण्याहून श्टुटगार्टला निघालेल्या कुटुंबासाठी

पिंपळे सौदागर येथे राहणाऱ्या एका अभियंत्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांना श्टुटगार्टमधील एका कंपनीने थेट तिथल्या करारावर नोकरी दिली असून जुलैच्या सुरुवातीला रुजू व्हायचे आहे. पत्नी हिंजवडीत अकरा वर्षे आयटीत नोकरी करते, मुलगी नऊ वर्षांची असून जूनमध्ये चौथीत जाईल, मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे आणि आई सिंहगड रस्त्यावर एकटी राहते. आधी एकट्याने जावे की सगळ्यांनी एकदम, मुलीला इंग्रजी शाळेत घालावे की जर्मन, भारतीय कुटुंबे राहतात तो भाग कोणता, आणि सामानात काय न्यावे, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी पुण्यात जर्मन शिकवत होते, नंतर अकरा वर्षे श्टुटगार्टजवळ संसार केला आणि २०१४ साली परत आले. तेव्हापासून चाकण, तळेगाव आणि हिंजवडीतल्या कंपन्यांतून जर्मनीला निघालेल्या कुटुंबांची जाण्यापूर्वीची तयारी करून घेणे हेच माझे काम आहे. त्या आधारावर लिहिते.

तुमचे चारही प्रश्न रास्त आहेत, पण ते नोकरी करणाऱ्याच्या बाजूने पडलेले आहेत. तुमचा दिवस पहिल्या सोमवारपासून आखलेला आहे: बसायला टेबल आहे, बोलायला सहकारी आहेत, दुपारचे जेवण कुठे घ्यायचे हे दाखवायला कोणीतरी आहे आणि चूक झाली तर ती इंग्रजीतून निस्तरता येते. त्याच सोमवारी तुमच्या पत्नीचा दिवस कोरा असतो. पुण्यात जिला रोज पंधरावीस माणसे कामासाठी शोधत असत, तिला तिथे कोणी शोधत नाही. माझ्या पाहण्यात जी कुटुंबे करार अर्ध्यावर सोडून परतली, त्यांपैकी फारच थोडी पैशांमुळे किंवा थंडीमुळे परतली. बहुतेकांच्या घरी राहिलेल्या माणसाचे सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत काय करायचे, हे कधी ठरलेच नव्हते. म्हणून मी तुमचा प्रश्न असा मांडून घेते: पत्नीचा आणि मुलीचा दिवस लवकरात लवकर कसा भरता येईल, आणि त्यासाठी कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने करावी लागेल? तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगते. तुमचा करार तिथला आहे आणि तुम्हाला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा वास्तव्याचा परवाना, मिळणार आहे असे गृहीत धरून मी लिहीत आहे. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे पोहोचल्यावर नोकरी करण्याची मुभा असते. पुण्यातल्याच कंपनीने तात्पुरते पाठवले असते तर हिशेब वेगळा झाला असता. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे आणि तशा माणसाला इथल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचे प्रमाणपत्र दाखवून तिथल्या निवृत्तिवेतनाच्या वर्गणीतून ४८ महिन्यांपर्यंत सूट मिळते. दुसरी बाब म्हणजे तुमचा इरादा. दोन वर्षांत नक्की परतायचे असेल तर शाळेबद्दलचा माझा सल्ला उलटा होईल. ते मी त्या ठिकाणी सांगेन.

आता क्रम. जर्मनीत सगळ्याची सुरुवात पत्त्यापासून होते, आणि इथल्या माणसाला ते पटायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे आधी गॅस, बँक, शाळा सगळे सुरू होते आणि पत्त्याचा पुरावा मागाहून जुळवला जातो. तिथे घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात जाऊन नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो. २०१५ पासून तो कायद्यानेच सक्तीचा आहे. ही नोंदणी झाली की करक्रमांक टपालाने येतो, आरोग्य विम्याची पत्रे येतात, मुलांच्या भत्त्यासाठी अर्ज करता येतो (२०२५ साली हा भत्ता दर मुलामागे महिना २५५ युरो होता), आणि मागून न चुकता रेडिओ-दूरदर्शनच्या वर्गणीचे बिलही येते, घरटी दरमहा १८.३६ युरो, मग तुमच्या घरी टीव्ही असो वा नसो. नोंदणी झाली नाही तर यातले काहीच हलत नाही. म्हणून पहिल्या काही आठवड्यांसाठी तात्पुरते घर घेताना भाडे किती हे विचारण्याआधी ‘इथे आनमेल्डुंग करता येईल का’ हे विचारावे. अनेक सुसज्ज, देखण्या तात्पुरत्या घरांत ते करू देत नाहीत.

पत्त्याशी जोडलेली एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे, जिने आमचे दीड महिना हाल केले. तिथे टपाल घराच्या क्रमांकावर येत नाही, पेटीवरच्या नावावर येते. आम्ही राहायला गेलो तेव्हा पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव होते आणि ते बदलणे हे घरमालकाचे काम असेल अशी माझी समजूत होती. बँकेचा गुप्त क्रमांक परत गेला, विम्याचे पत्र दोनदा परत गेले, आणि मी रोज त्या रिकाम्या पेटीत हात घालून बघत असे. शेवटी पोस्टमननेच जिन्यात गाठून पेटीवर बोट ठेवले आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले. त्या संध्याकाळी मुलाच्या वहीतली एक पट्टी कापून त्यावर आडनाव लिहिले आणि चिकटपट्टीने लावले. चौथ्या दिवशी पाच पत्रे एकदम आली. घराची किल्ली हातात आली की त्याच दिवशी पेटीवर आणि घंटीवर नाव लावा. पत्नीचे आडनाव पारपत्रावर माहेरचे असेल तर दोन्ही नावे लावा, नाहीतर तिची पत्रे परत जातील.

या पार्श्वभूमीवर पहिला प्रश्न. तुम्ही पुढे जावे, पण सहा ते आठ आठवड्यांपेक्षा जास्त नाही. कुटुंबाजोगे घर बघायला तुम्ही प्रत्यक्ष तिथे असणे जवळजवळ अपरिहार्य आहे, कारण घरमालक चारपाच इच्छुकांना समोर बसवून, पगाराची पत्रके पाहून, माणसे पारखून घर देतात. पण हा काळ लांबला तर वेगळीच अडचण होते. सहा महिन्यांत तुमचे मित्र, तुमची दुकाने, तुमचे रस्ते ठरतात आणि मग बायकोमुले येतात ती तुमच्या गावात पाहुणी म्हणून. तुम्ही घाईघाईने त्यांना सगळे ‘दाखवता’ आणि त्यांना स्वतः शोधायला काही उरत नाही. दोघांनाही सगळे सारखेच नवे असण्याचे काही आठवडे एकत्र मिळणे मला फार मोलाचे वाटते. तुमच्या बाबतीत तारखा जमून येत आहेत: श्टुटगार्ट ज्यात येते त्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीस सुरू होते आणि शाळा सप्टेंबरच्या मध्याला उघडतात. कुटुंब ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचले तर मुलीला वर्गाच्या पहिल्या दिवशी इतरांबरोबर बसता येईल. पत्नीच्या नोकरीचा नोटिस काळ तीन महिन्यांचा असेल तर तो आत्ताच मोजायला घ्या.

घराबद्दल दोन-तीन हिशेब. तिथे खोल्या मोजताना बैठकीची खोलीही धरतात, त्यामुळे ‘तीन खोल्यांचे घर’ म्हणजे आपले टू बीएचके. जाहिरातीत बहुधा काल्टमीटे, म्हणजे नुसते भाडे, ठळक लिहिलेले असते. पाणी, हीटिंग, इमारतीचा खर्च धरून होते ती वार्ममीटे, आणि तुमच्या खिशातून हीच जाणार आहे. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायदेशीर अधिकार आहे, हे फारसे कोणी आपणहून सांगत नाही. आणि स्वयंपाकघर! पुष्कळ घरांत ते नसतेच. खोली असते, भिंतीतून नळाचे तोंड आणि विजेची जोडणी बाहेर आलेली असते, ओटा-कपाटे-शेगडी आधीचा भाडेकरू घेऊन गेलेला असतो किंवा तुम्हाला विकू पाहत असतो. माफक किमतीत विकत असेल तर घ्या. नवे स्वयंपाकघर बसवायला आठवडे जातात आणि तोवर चौघांनी पावावर राहायचे.

भारतीय लोक कुठे राहतात हा प्रश्न मी या क्रमात मुद्दाम इथे घेते. फायहिंगेन, ब्योब्लिंगेन, झिंडेलफिंगेन या पट्ट्यात आपली पुष्कळ कुटुंबे आहेत आणि अडल्यानडल्याला त्यांचा मोठा आधार होतो. तरीही घर निवडताना मी तो निकष तिसरा धरेन. पहिला निकष चालत जाण्याजोगी प्राथमिक शाळा, कारण त्या राज्यात सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. घर शोधणे म्हणजेच शाळा शोधणे आहे. दुसरा निकष एस-बानचे, म्हणजे उपनगरी रेल्वेचे, स्थानक पायी दहाबारा मिनिटांत असणे, कारण गाडी चालवणे सुरुवातीला तुमच्यापुरतेच राहील. भारतीय परवाना तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पत्नीला तुमच्यावाचून कुठेही जाता येते की नाही, हे स्थानकाच्या अंतरावर ठरते.

मुलीची शाळा हा तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक भाग आहे. दोन वर्षांत निश्चित परतायचे असेल आणि कंपनी फी भरत असेल, तर आंतरराष्ट्रीय इंग्रजी शाळा हे सरळ उत्तर आहे; स्वतःच्या पगारातून ती फी परवडत नाही. पण मुक्काम लांबण्याची शक्यता असेल, आणि ब्लू कार्डवर तो लांबतोच (बी-वन, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत आणि ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक असेल तर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो), तर सरकारी जर्मन शाळाच घ्यावी. ती मोफत असते. आपल्याकडे ‘मोफत’ या शब्दाने पालकांच्या कपाळावर आठी पडते, तशी तिथे पडण्याचे कारण नाही.

अडचण वेगळी आहे. तिथली प्राथमिक शाळा, ग्रुंडशूले, चौथीला संपते आणि त्यानंतर मुलांच्या वाटा गिम्नाझियुम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशूले (दहावीपर्यंतची शाळा) अशा वेगवेगळ्या शाळांत फुटतात. त्यासाठीची शिफारस चौथीच्या मध्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास, मिळते आणि तीत जर्मन आणि गणित यांना वजन असते. म्हणजे सप्टेंबरात एकही वाक्य न येणारी तुमची मुलगी चौथीत बसली तर तिच्या हाती पाच महिने येतात. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी पूर्वतयारीचे वर्ग असतात, त्यांत आधी जर्मन शिकवतात आणि हळूहळू गणित, चित्रकला, व्यायाम अशा तासांना नेहमीच्या वर्गात पाठवतात. पण कोणता वर्ग आणि कोणती इयत्ता हे शाळा तुमच्याशी बोलून ठरवते, आणि त्या बैठकीत पुण्याचे पालक हमखास एक चूक करतात. ते मुलीच्या गुणपत्रिका पुढे ठेवतात आणि ती हुशार आहे, तिचे वर्ष वाया घालवू नका, असे सांगतात.

वर्ष वाया जाणे ही आपल्या मनातली भीती आहे; तिथे एक वर्ष खाली बसलेले मूल प्रत्येक वर्गात असते आणि त्याला कोणी नापास म्हणत नाही. वयाने तुमची मुलगी तिसरी-चौथीच्या सीमेवर येते. मी तुमच्या जागी असते तर आपण होऊन तिसरी मागितली असती. कोथरूडच्या एका कुटुंबाने अशाच मुलीसाठी चौथीचा आग्रह धरला आणि तो मान्यही झाला. फेब्रुवारीत तिला गिम्नाझियुमची शिफारस मिळाली नाही, आणि गणितात नेहमी पुढे असणारी ती मुलगी आपण ‘ढ’ आहोत असे धरून बसली. पुढे दोन वर्षांनी भाषा आल्यावर तिचे गुण वर आले, आणि रेआलशूलेनंतरही गिम्नाझियुमच्या वरच्या वर्गांत जाण्याचा मार्ग त्या राज्यात चांगला रुळलेला आहे, त्यामुळे दार बंद झाले असे नाही. पण ती दोन वर्षे तिची तिलाच काढावी लागली.

मुलगी पहिले काही महिने शाळेत गप्प राहिली तर घाबरू नका. माझा मुलगा सात वर्षांचा होता. सप्टेंबर ते जानेवारी तो वर्गात एक अक्षर बोलला नाही. बाईंनी मला बोलावून घेतले तेव्हा मी रडण्याच्या बेतात होते, आणि त्या सांगत होत्या की तो सगळे ऐकतो आहे, तुम्ही घरी मराठीतच बोला. त्या घरी मराठीच बोला म्हणाल्या याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले होते. आज मी स्वतः तेच सांगते: आईवडिलांच्या मोडक्या जर्मनपेक्षा घरातली भरघोस मराठी मुलाला पुढची भाषा शिकायला जास्त उपयोगी पडते. फेब्रुवारीत एके दिवशी ट्राममध्ये एका आजोबांनी त्याला सरकायला सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘मला पुढच्याच स्थानकावर उतरायचे आहे’, संपूर्ण वाक्य, क्रियापद बरोबर शेवटी.

शाळेसंबंधी दोन व्यवहाराच्या गोष्टी. व्हॅनवाले काका तिथे नाहीत, मूल चालत आणि लवकरच एकटे जाईल अशी शाळेची अपेक्षा असते, त्यामुळे शाळा उघडण्याआधीच्या आठवड्यात तो रस्ता तिच्याबरोबर रोज चाला आणि शेवटच्या दोन दिवशी तिला पुढे चालू देऊन तुम्ही मागे राहा. आणि शाळा पूर्ण दिवसाची नसेल तर ती दुपारी बाराएकला सुटते. पत्नीचा दिवस आखताना ही वेळ आधी लिहून ठेवावी.

मुलाच्या बालवाडीला किता म्हणतात. वयाचे एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला तिथे जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून कायद्यात आहे, पण हक्क असणे आणि जागा असणे यांत महिन्यांचे अंतर पडते. घराचा पत्ता ठरताच आसपासच्या सगळ्या कितांत नाव नोंदवून टाका. मार्च २०२० पासून किता आणि शाळा दोन्हींसाठी गोवराच्या लसीचा पुरावा लागतो, दोन वर्षांवरील मुलासाठी दोन मात्रांचा. तुमच्या डॉक्टरांच्या फाईलमध्ये नुसत्या पेन्सिलच्या खुणा असतात, तेव्हा तारखा आणि शिक्का असलेले इंग्रजी लसीकरण पत्रक निघण्यापूर्वी करून घ्या. जागा मिळाल्यावरही मुलाला सोडून परत येता येत नाही. पहिले दोन-चार आठवडे पालकाने वर्गात बसायचे, मग दहा मिनिटे बाहेर, मग अर्धा तास बाहेर, अशी सवय लावतात. हे काम तुम्ही करावे, पत्नीने नव्हे. नव्या नोकरीत रजा मागणे जड जाते हे मला माहीत आहे, पण तिथे बापाने त्यासाठी रजा घेणे अगदी नेहमीचे आहे, आणि तेच आठवडे पत्नीच्या भाषावर्गाचे पहिले आठवडे असतात.

इथवरचे क्रमाने असे: तुम्ही जुलैत जाऊन शाळा आणि स्थानक पाहून घर घ्यायचे, त्याच दिवशी पेटीवर नाव, दोन आठवड्यांत नोंदणी, लगोलग शाळेत आणि कितांत अर्ज, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कुटुंब, सप्टेंबरच्या मध्याला मुलगी शाळेत, आणि ऑक्टोबरात पत्नीचा भाषावर्ग.

हा भाषावर्ग मी इतका पुढे का ठेवते ते सांगते. घरोघरी असे होते की नवरा जर्मन शिकतो, कारण कंपनी पैसे भरते, आणि त्याला कचेरीत ती लागत नाही. बायको शिकत नाही, आणि शाळा, डॉक्टर, शेजारी, दुकान अशी जर्मन लागणारी सगळी ठिकाणे तिच्या वाट्याला येतात. तुमच्याकडे अजून काही महिने आहेत. पत्नीने ए-वन पुण्यातच सुरू करावे. बोट क्लब रस्त्यावरचे मॅक्स म्युलर भवन किंवा फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट, जिथली वेळ तिच्या नोकरीला जमेल तिथे. तिथे गेल्यावर प्रौढांसाठीच्या लोकशाळेत, म्हणजे फोल्क्सहोखशूलेत, वर्ग मिळतात. श्टुटगार्टची रोटेब्यूलप्लात्स या मध्यवर्ती चौकात आहे. परदेशातून आलेल्यांसाठीच्या सरकारी एकात्मता अभ्यासक्रमात साधारणपणे पंचेचाळीस मिनिटांचे ६०० तास भाषेचे आणि १०० तास तिथल्या समाजव्यवस्थेचे असतात. भाषेपेक्षाही मला त्यातली रोजची वेळ महत्त्वाची वाटते. आठवड्यातले चारपाच दिवस, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या बाकावर, सीरियाच्या, ब्राझीलच्या, युक्रेनच्या बायकांशेजारी बसून एकमेकींच्या चुका ऐकत शिकणे, हे तिचे तिथले पहिले स्वतःचे वर्तुळ असते, आणि त्यात तुम्ही नसता. तिच्या कानी पडेल ती त्या भागातली बोली, श्वेबिश, असेल आणि वर्गातल्या जर्मनशी तिचा संबंध सुरुवातीला लागणार नाही. प्रमाण मराठी शिकून आलेला माणूस पहिल्याच दिवशी कोल्हापुरात उतरावा तसे होते. महिनाभरात कान बसतो.

तिच्या नोकरीबद्दल स्पष्ट बोलते. काही जण पुण्याच्या कंपनीची नोकरी तिथून घरी बसून चालू ठेवण्याचा बेत करतात. माणूस जर्मनीत राहून काम करतो तेव्हा कर आणि सामाजिक विमा या दोन्हींचे प्रश्न जर्मनीत उभे राहतात आणि बहुतेक कंपन्या ते अंगावर घेत नाहीत. मनुष्यबळ विभागाकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय त्यावर घर चालवू नये. तिथे इंग्रजीवर चालणाऱ्या नोकऱ्या आहेत, पण श्टुटगार्टचा कणा वाहन उद्योग आहे आणि तिथे २०२४ पासून नोकरकपातीच्या घोषणा होत आहेत. म्हणून वर्षभर तिची नोकरी नसेल असे धरून घरखर्च मांडा. सार्वजनिक आरोग्य विमा घेतलात तर तिला आणि मुलांना तुमच्या विम्यातच वेगळी वर्गणी न देता सामावून घेतात. खासगी विम्यात प्रत्येकाची वर्गणी वेगळी आणि पुढे सार्वजनिक विम्यात परतणे अवघड. तरुण वयात खासगी स्वस्त दिसतो, पण चौघांच्या घराला, त्यातही एकाच पगाराच्या, मी सार्वजनिकच सुचवते.

शेजाऱ्यांविषयी एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण तो फक्त त्याच मुलखात घडू शकतो. राहायला जाऊन दुसरा आठवडा असेल, दाराच्या मुठीला एक पुठ्ठ्याची पाटी लटकवलेली दिसली, वर केरवोखे असा शब्द. कसलीतरी जाहिरात असेल म्हणून मी ती काढून फडताळात ठेवली. दहाएक दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या, चेहरा गंभीर. ती पाटी म्हणजे त्या आठवड्यात जिना आणि दारापुढची वाट झाडण्याची पाळी आमची असल्याची खूण होती. आम्ही काम तर केले नव्हतेच, पण पाटी पुढच्या घरी लावली नसल्यामुळे सगळ्या इमारतीची रांगच थांबली होती. मी पाटी आणि झाडू दोन्ही घेऊन खाली गेले आणि आजींनी मला कोपऱ्यातून कचरा कसा ओढायचा ते दाखवले, जसे मला झाडता येतच नाही. तिथल्या अकरा वर्षांतली माझी सगळ्यात जवळची ओळख तीच ठरली. रविवारी ड्रिल, मिक्सर आणि रात्री दहानंतर आवाज टाळा. ओला-सुका कचरा वेगळा करण्याची पुण्याची सवय कामाला येईल, फक्त डबे जास्त असतात.

सामानाचे लवकर आटपते. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टचीच असल्यामुळे मिक्सर चालतो, पिन बदलणारा जोड पुरतो. कुकर आणि तवा नेण्यापूर्वी बुडाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर तो इंडक्शन शेगडीवर तापणार नाही, आणि आपले ॲल्युमिनियमचे कुकर चिकटत नाहीत. पोळपाट-लाटणे न्या. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे तूप, पेढे, आंबाबर्फी राहू द्या. तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचे तूप उत्तम कढते. कढीपत्ता आणि हापूसही नाही. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी बिनधास्त. चष्म्याचे दोन जोड आणि दातांची कामे पुण्यातच उरकून घ्या.

आता नोव्हेंबर. मला येणाऱ्या फोनांपैकी सगळ्यात कठीण फोन नोव्हेंबरात येतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे मागे जातात, पुण्याशी साडेतीन तासांचे अंतर साडेचार होते, आणि थोड्याच दिवसांत साडेचार-पावणेपाचला अंधार पडू लागतो. नवेपणाची हौस संपलेली असते, भाषा आलेली नसते, आणि त्याच सुमारास दिवाळी येते, जी तिथे साधा कामाचा दिवस असतो. यावर माझ्याकडे औषध नाही, पण तो महिना आधीपासून आखून ठेवता येतो. दिवाळीच्या दिवशी तुम्ही रजा घ्या, आत्ताच कॅलेंडरमध्ये लिहा. आणि ११ नोव्हेंबरच्या आसपास, सेंट मार्टिनच्या दिवशी, शाळा आणि कितांतली मुले संध्याकाळी कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत मिरवणूक काढतात, तिला चुकवू नका. पहिल्या वर्षी आम्ही त्यासाठी वेगळा कंदील न घेता घरातला आकाशकंदील, पुण्याहून घडी करून नेलेला, काठीला बांधला होता. झिरमिळ्यांचा तसला कंदील कोणाकडेच नव्हता. दुसऱ्या वर्षी वर्गशिक्षिकेने मला तो सगळ्या वर्गाला शिकवायला बोलावले आणि मी मोडक्या जर्मनमध्ये पतंगी कागदाला खळ कशी लावायची ते सांगितले.

आईंचा तुम्ही उल्लेखच केला, प्रश्न विचारला नाहीत. त्यांची पहिली भेट हिवाळ्यात ठरवू नका. मे-जून उत्तम, म्हणजे त्यांना एकटीने फिरता येते. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. त्यात आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात, तेव्हा त्यांची औषधे तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह द्या. इथे त्यांच्यासाठी रोज दारात डोकावणारे एक माणूस ठरवून जा, शेजारी असो किंवा पगारी. व्हिडिओ कॉलवर त्या नेहमी बऱ्याच असतात.

शेवटचे एक काम याच आठवड्याचे आहे. दोन्ही मुलांचे जन्मदाखले कपाटातून काढा आणि त्यांवर मुलाचे नाव आहे का ते पाहा. नामकरणाआधी काढलेल्या दाखल्यावर नावाची जागा रिकामी असते आणि शाळेत, व्हिसासाठी, मुलांच्या भत्त्यासाठी तिथे तेच मागतात. नाव नसेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जाऊन ते घालून घ्या, आणि वडिलांच्या नावाचे, आईच्या नावाचे स्पेलिंग पारपत्राशी अक्षरन्‌अक्षर जुळते ना, हेही त्याच फेरीत तपासा.